जुन्या रिळांचे मोल

'मोल' हा शब्द आमच्या घरच्या कोकणीत आणि आमच्या शाळेच्या मराठीत सारखाच नांदतो. बाजारात मासळीचे मोल होते, आणि माणसाने दिलेल्या शब्दालाही मोल असते. 'किंमत' हा शब्द त्या मानाने व्यवहारी. तो तराजूच्या आणि पैशांच्या आसपासच अधिक वावरतो. या दोन शब्दांतील अंतर फळ्यावर लिहून शिकविणे कठीण. आम्हांला ते नीट उमजले ते मासे धरण्याच्या तीन जुन्या रिळांमुळे. शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावे अशी सूचना झाली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. विषय थोडा आडवाटेचा आहे. परंतु खाडीच्या काठी वाढणाऱ्या मुलांना तो परका वाटू नये.

गरी टाकून मासे धरणे हा आमच्या गोव्यात पोटाचा उद्योग आहे आणि जिवाचा विरंगुळाही आहे. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी, शापोऱ्याच्या खडकांवर, खाजन शेतीचे पाणी अडविणाऱ्या मानशींपाशी, भरती चढू लागली की माणसे येऊन उभी राहतात. कोणाला चणक हवा असतो, कोणाला तामसो, कोणी शेवट्यावरही समाधान मानतो. आमच्या वडिलांच्या लहानपणी बहुतेकांजवळ दोरी गुंडाळलेला लाकडाचा तुकडा असे; काठी आणि रीळ ही चैन होती. ही चैन गावोगाव आली ती प्रामुख्याने तारवट्यांच्या पेट्यांतून. जहाजावर नोकरी करणारा माणूस वर्षा-दोन वर्षांनी घरी परते तेव्हा घड्याळ, रेडिओ, साबणाच्या वड्या यांच्याबरोबर एखादे परदेशी रीळही त्याच्या सामानातून निघे. आजही अनेक घरांच्या माळ्यावर अशी रिळे पडून आहेत. कोणी त्यांना भंगार समजतो, कोणी गुप्तधन.

आमच्या वाड्यावर अशाच एका तारवट्याचे घर आहे. तो गृहस्थ आता हयात नाही. त्याची वृद्ध पत्नी, जिला आम्ही मावशी म्हणतो, गेल्या मे महिन्यात एका पिशवीत तीन रिळे घेऊन आमच्या पडवीत आली. पाऊस तोंडावर आला होता आणि घराच्या छपराची कौले जागोजाग फुटली होती. जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या एका फिरत्या व्यापाऱ्याने तिन्ही रिळांचे मिळून दीड हजार रुपये देऊ केले होते. उलट परदेशातील एका नातेवाइकाने फोनवरून सांगितले होते की, जुनी अमेरिकन रिळे लाखांना जातात. बिचारी या दोन आकड्यांच्या मध्ये अडकली होती. पिशवी आमच्यापुढे ठेवून तिने विचारले, "मास्तर, हांचें मोल कितें?"

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण आम्हांला नाही. परंतु वडिलांबरोबर गरी टाकता टाकता रिळे उघडण्याची, साफ करण्याची आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचण्याची सवय लागली ती सुटली नाही. मावशीचा प्रश्न मात्र साधा नव्हता. आम्ही चढा आकडा सांगितला तर ती फसव्या आशेवर बसणार. उतरता सांगितला तर व्यापाऱ्याचे फावणार. म्हणून चार दिवसांची मुदत मागून आम्ही रिळे ठेवून घेतली. तिचा नातू आमच्याच शाळेत नववीत शिकतो; तोही रोज संध्याकाळी येऊन बसू लागला.

पहिले रीळ लाकडी होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कारबरो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचे ते असावे. अशा रिळाला दातेरी चाके नसतात आणि ब्रेकही नसतो. रुंद लाकडी चाक, मध्ये एक आस आणि बाहेरच्या बाजूला दोन मुठी, एवढाच त्याचा संसार. मासा पळू लागला की चाकाच्या कडेवर तळहात दाबून धरायचा, तोच ब्रेक. आमच्यापुढच्या रिळावर कारागिराचे नाव नव्हते आणि लाकडाला एक चीर गेली होती.

दुसरे रीळ 'पेन' कंपनीचे 'सेनेटर', 4/0 आकाराचे, काळ्या तबकड्यांचे. या रिळाची थोरवी समजायची तर थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सांता कॅटलिना नावाचे बेट आहे. तेथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी 1898 मध्ये 183 पौंडांचा टूना मासा काठीवर धरला आणि त्याच वर्षी टूना क्लब स्थापन झाला. त्या काळच्या रिळाची मूठ स्पूलला थेट जोडलेली असे. मासा पळाला की मूठही उलटी गरगर फिरे आणि धरणाऱ्याची बोटे फोडून काढी. दोरीला अटकाव करायचा तो चामड्याचा तुकडा अंगठ्याने स्पूलवर दाबून. विल्यम बॉशेन नावाच्या गृहस्थांनी ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिराकडून 1913 च्या सुमारास एक निराळे रीळ घडवून घेतले. त्यात दातेरी चाकाच्या पोटात धातूच्या आणि चामड्यासारख्या मऊ पदार्थाच्या चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या. बाहेरचे चांदणीच्या आकाराचे चाक आवळले की त्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात. आता मासा दोरी ओढून नेऊ शके, परंतु मूठ मात्र जागच्या जागी राही. हाच 'स्टार ड्रॅग'. त्या रिळावर बॉशेन यांनी 1913 मध्येच साडेतीनशे पौंडांहून मोठा तलवार मासा धरला.

पुढे ऑटो हेन्झे या जर्मनीहून आलेल्या गृहस्थांनी 1932 मध्ये फिलाडेल्फिया शहरात पेन कंपनी काढली. (या नावाचा लेखणीशी संबंध नाही!) तिचे सेनेटर रीळ 1936 मध्ये बाजारात आले. श्रीमंतांच्या हातातली वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे हे तिचे खरे कार्य. तबकड्यांना बेकेलाइट वापरलेले. 1907 मध्ये लिओ बेकलंड यांनी शोधलेला हा कृत्रिम पदार्थ खाऱ्या पाण्याने गंजत नाही. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला. शिवाय एका नमुन्याचे भाग वर्षानुवर्षे फारसे बदलले नाहीत. त्यामुळे आजोबांच्या रिळाला नातवाच्या काळातले सुटे भाग बहुधा बसतात. मावशीच्या सेनेटरचा मुलामा मात्र उडाला होता, पितळेवर हिरवट चढ आला होता आणि स्क्रूंच्या खाचा कोणीतरी ओबडधोबड पेचकसाने खाऊन टाकल्या होत्या.

तिसरे रीळही पेनचेच, 'स्क्विडर' नावाचे. समुद्रकाठी उभे राहून दूरवर फेक करण्यासाठी ते अमेरिकेत प्रसिद्ध होते. बाजूचा एक स्क्रू सैल केला की तबकडीसह स्पूल बाहेर येते, अशी त्याची सुटसुटीत रचना. हे रीळ मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, लहानशा पान्यासह आणि माहितीपत्रकासह, जवळजवळ न वापरलेले होते.

आता परीक्षेची गोष्ट. जुन्या रिळाची पारख करताना लोक प्रथम वय विचारतात. परंतु केवळ वयाने किंमत वाढत नाही. सेनेटरसारखी रिळे अनेक दशके भरपूर संख्येने निघाली. ती जुनी आहेत, दुर्मीळ नाहीत. लाखांची भाषा लागू पडते ती न्यूयॉर्कच्या एडवर्ड व्हॉम होफ यांच्यासारख्या कारागिरांच्या मोजक्या, उत्तम अवस्थेतील वस्तूंनाच. त्यांच्या तबकड्या कठीण रबराच्या आणि कडा जर्मन सिल्व्हरच्या असत. (विद्यार्थी मित्रहो, या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो, तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू.) म्हणून पहिला प्रश्न दुर्मीळतेचा. दुसरा प्रश्न मूळपणाचा: मूठ, स्क्रू, चकत्या त्याच रिळाच्या आहेत की मागाहून बसविलेल्या? तिसरा अवस्थेचा: चीर, गंज, उडालेला मुलामा, खाल्लेल्या खाचा. खाच बिघडलेला स्क्रू ही आत कोणाचा तरी अडाणी हात फिरल्याची खूण. चौथा परिवाराचा: खोके, पाना, कागद. आणि पाचवी गोष्ट बाजाराची. विक्रेता किती मागतो ही किंमत नव्हे. तशी वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, तो आकडा विचारात घ्यावा.

या पाच कसोट्या लावून आम्ही मावशीला खरे ते सांगितले. यात गुप्तधन नाही. स्क्विडरला त्याच्या खोक्यामुळे संग्राहक चांगले पैसे देईल. व्यापाऱ्याने तिन्हींचे मिळून देऊ केले त्याच्या कितीतरी पट. सेनेटरला संग्राहकाच्या बाजारात फारसे स्थान नाही, पण समुद्रावर त्याची उमेद अजून शिल्लक आहे. लाकडी रिळाला नाव नाही, चीर आहे. बाजारात त्याचे थोडेच येतील. ऐकताना मावशीचा चेहरा उतरला. लाखाचे स्वप्न तिने बोलून दाखविले नसले तरी मनात धरले होते, हे आम्हांला दिसत होते. खरे सांगण्यात आनंद असतोच असे नाही; परंतु छपराचा हिशेब खोट्या आकड्यावर मांडता येत नाही.

नातवाच्या मनात निराळाच बेत होता. तिन्ही रिळे 'सुधारून' घ्यायची. त्याने सारे वाचून ठेवले होते. जुन्या चकत्यांच्या जागी कार्बन तंतूंच्या चकत्या, पितळी चाकांच्या जागी पोलादी, लांब दांड्याची मूठ, आणि नायलॉनऐवजी विणलेल्या पॉलिथिलीनची दोरी, जी तितक्याच ताकदीला सुमारे निम्म्या जाडीची असते. तो म्हणाला, "सर, ते जुने आहे म्हणून दुबळेच का ठेवायचे?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. आम्ही त्याला दोरीची कथा सांगितली. हे रीळ प्रथम निघाले तेव्हा त्यावर अळशीच्या धाग्याची, म्हणजे लिननची, दोरी असे. तिची ताकद पदरांवर मोजत. ओल्या दोरीच्या दर पदरास तीन पौंड. नऊ पदरांची दोरी म्हणजे 27 पौंड, सुमारे बारा किलो. दोरी कुजू नये म्हणून प्रत्येक खेपेनंतर ती उलगडून वाळवावी लागे. रीळ घडविणाऱ्याने हिशेब केला होता तो अशा दोरीचा. ताण फार झाला तर प्रथम दोरी तुटावी आणि रीळ वाचावे. पुढे नायलॉन आले. ते ताणले जाते आणि स्पूलवर गुंडाळले की परत आकसू पाहते. त्या दाबाने जुने प्लॅस्टिकचे स्पूल फुटू लागले, म्हणून धातूचे स्पूल घालावे लागले. आता ही विणलेली दोरी अशी की ती तुटत नाही आणि ताणलीही जात नाही. दोरी बळकट झाली की ताण चकत्यांवर जातो; चकत्या बळकट केल्या की दातेरी चाकांवर; चाके पोलादी केली की चौकटीच्या खांबांवर. खांब पिळवटले की स्पूल तबकडीला घासू लागते. दुबळेपणा नाहीसा होत नाही, तो पुढच्या घरी राहायला जातो. म्हणून सुधारणा करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या यंत्रात प्रथम कोणी हार मानावी असे घडविणाऱ्याने ठरविले होते? त्याची ती योजना मोडायची असेल तर तिच्या जागी आपली योजना हवी.

शब्दांनी मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते बरेच झाले. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतून स्प्रिंगचा काटा मागून आणला. सेनेटरचे स्पूल दोरीने भरले, ब्रेक आवळला आणि काट्याने दोरी ओढून पाहिली. तीन किलोला दोरी सुटू लागली. मग ब्रेकला हात न लावता बरीचशी दोरी काढून टाकली आणि पुन्हा ओढली. आता काटा सहाच्या जवळ गेला. मुलगा चकित झाला. कारण सोपे आहे. ब्रेकचा जोर तोच असतो, पण दोरीचा थर उतरत जातो तशी त्रिज्या कमी होते. त्रिज्या निम्मी झाली की तितकाच ब्रेक हटविण्यासाठी दुप्पट ओढ लागते. मासा जितका दूर पळतो तितका ब्रेक आपोआप कडक होत जातो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच चांदणी आणखी आवळतो. दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाहून अधिक ब्रेक आरंभी ठेवू नये, हा जाणत्यांचा नियम याच अनुभवातून आला आहे. त्या संध्याकाळनंतर त्याने 'जास्तीत जास्त' हा शब्द टाकून 'बेताचा' हा शब्द धरला.

निर्णय मावशीने घेतला; आम्ही केवळ माहिती पुरविली. स्क्विडर विकायचे ठरले, आणि त्याला काहीही न करता. संग्राहकाला चकाकी नको असते, मूळपण हवे असते; आम्ही त्यावरची धूळ तेवढी मऊ फडक्याने पुसली. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने ते घेतले. त्या पैशांत सबंध छप्पर झाले नाही. पुढच्या पाख्याची कौले मात्र पाऊस पडण्यापूर्वी बदलून झाली.

सेनेटर नातवाकडे गेले. त्याचे मूळपण अगोदरच गेलेले असल्याने सुधारणेने त्याची हानी होणार नव्हती. सारे भाग उघडून कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या दातब्रशाने घासले, वाळविले, दातेरी चाकांना ग्रीस दिले. कडक झालेल्या चकत्या काढून कार्बनच्या घातल्या. त्या अधिक ताकदीसाठी नव्हेत, तर ब्रेक धक्का न देता सुटावा म्हणून. खाल्लेले स्क्रू बदलले. पितळी चाके ठेवली. दोरी नायलॉनचीच ठेवली. काढलेला प्रत्येक भाग बिस्किटांच्या एका डब्यात, नाव आणि तारीख लिहिलेल्या कागदात गुंडाळून ठेवायला आम्ही त्याला सांगितले. उद्या कोणाला हे रीळ पूर्ववत करावेसे वाटले तर वाट मोकळी असावी. समुद्रावरून परतल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार द्यावी, जोराची नव्हे, कारण जोराच्या धारेने मीठ आत शिरते. आणि ठेवताना चांदणी सैल सोडावी, म्हणजे चकत्या दबून चिकटत नाहीत. एवढे नियम तो आता बिनचूक पाळतो.

राहिले लाकडी रीळ. मुलगा म्हणाला की चीर भरून त्याला पॉलिश करू. तेव्हा मावशीने ते हातात घेतले. हे रीळ तिच्या पतीचे नव्हेच, तिच्या सासऱ्याचे, असे तिने सांगितले. तोही तारवटी. 1960 च्या सुमारास ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा या रिळावर सुती दोरी असे, आणि दर संध्याकाळी ती उलगडून अंगणातल्या दोन माडांच्या मध्ये वाळत घालण्याचे काम नव्या सुनेकडे आले. सासरा अबोल होता. दोरीला कुठे गाठ पडली, कुठे धागा झिजला, हे ती बोटांनी तपासून सांगे. तेवढेच काय ते दोघांचे बोलणे. चीर गेली ती तिच्याच हातून, पायरीवर पडून. सासरा रागावेल म्हणून ती रात्रभर जागी राहिली, पण त्याने चिरेवर तेल चोळले आणि काही म्हटले नाही. नातवाने हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. आम्हीही नाही. ज्या चिरेमुळे आम्ही त्या रिळाची किंमत उतरविली होती, तीच चीर भरू नये असे तिने सांगितले. आणि आमच्या पाचही कसोट्या त्यापुढे गप्प राहिल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी रीळ असेलच असे नाही. शिवणाचे यंत्र असेल, कंदील असेल, आजीचा अडकित्ता असेल. तिचा बाजारभाव काय, हे जाणून घेण्यात काही कमीपणा नाही. अज्ञानामुळे कोणी आपल्याला लुबाडू नये, हाही शिक्षणाचाच हेतू आहे. पण भाव विचारण्यापूर्वी ती वस्तू हातात घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. तिच्यावर कोणता ओरखडा कधी पडला ते विचारा, आणि उत्तर वहीत उतरवून ठेवा. मावशीचे वय आता चौऱ्यांशी आहे. या मे महिन्यात छप्पर गळले नसते, तर ती पिशवी माळ्यावरच राहिली असती आणि माडांच्या मधली ती दोरी तिच्याबरोबरच गेली असती. सुटे भाग अजून मिळतात. हे मिळत नाही.